आज सोमवार, शिवराक

सोमवार, जुलै. रात्र. पाऊस काही थांबत नाही.

पुण्याहून भाची आलीय. तिच्या मोबाइलवर एक अ‍ॅप आहे, शहराचं नाव टाकलं की तिथलं अस्सल खाणं कुठे मिळतं ते दाखवणारं. पणजी टाकलं आणि नकाशाला गोवर उठावा तसे लाल ठिपके उठले. सकाळपासून एकच धोशा, "मावशी, फिश थाळी!"

म्हटलं, बाई गं, आज सोमवार. आपल्याकडे शिवराक, मासे-मटण बंद. आणि खायचंच म्हटलंस तरी १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर धक्क्याला बांधलेले असतात. ठिपक्यावरचा इसवण, म्हणजे तुमची सुरमई, बहुधा बर्फात झोपून आलेला असणार. या दिवसांत गोंयकाराचं खाणं म्हणजे मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेली सुकी सुंगटं, कोळंबीच ती. नारळ, कांदा, मिरची, आंबट घालून किसमूर केली की ताटात दुसरं काही नको. अ‍ॅपमध्ये अंतर आहे, तारे आहेत, ताटाचे फोटो आहेत. वार नाही, ऋतू तर नाहीच.

बाजारामागच्या हॉटेलात नेलं. दुसऱ्याच्या टेबलाशी अंग चोरून बसलो. पोऱ्याने न विचारता पाणी आदळलं. पातळ भाजी आणि सुकी भाजी एकाच बशीत, म्हणजे मिक्स. वर बारीक कांदा, बाजूला पाव, एक तळलेली मिरची. भाचीने आधी फोटो काढला, तोवर पाव गार झाला. पुढच्या टेबलावरच्या आजोबांनी बन्स चहात बुडवत तिच्याकडे असं काही पाहिलं की तिने मुकाट्याने फोन पालथा ठेवला.

परतताना रस्त्याकडेला एक बाई पानांत गुंडाळून अळमी, म्हणजे रानातली अळिंबी, विकत होती. रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, पावसाळ्यात काहीच दिवस मिळणारी. भाव ऐकून भाची मटणाचा हिशोब करायला लागली. घेतली तरी. दुपारी तिचं तोंडाक, म्हणजे रस्सा भाजी, केलं, तिने भात दोनदा घेतला.

ही बाई अ‍ॅपमध्ये कशी सापडणार? आणि पोदेर, आमचा पाववाला? सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत दारात पोळी, म्हणजे गोव्याचा पाव, देऊन जातो, त्याची पिन कुठे टोचायची? रॉस ऑमलेटचे, म्हणजे रस्सा घातलेल्या ऑमलेटचे, गाडे तर दिवेलागणीनंतरचे. दुपारी बारा वाजता त्या ठिपक्यावर पोचलेला पाहुणा रिकामा फूटपाथ बघून एक तारा देणार.

संध्याकाळी भाचीने आमचं भाजीपावचं हॉटेल अ‍ॅपमध्ये घातलं. बंद व्हायच्या वेळेच्या रकान्यात 'भाजी संपेपर्यंत' लिहू पाहिलं, अ‍ॅपने घेतलं नाही, आकडाच हवा म्हणे. तिने अकरा टाकले.

मी म्हटलं, साडेदहा कर. अकराला नुसता चहा मिळतो.