हजर की गैरहजर?

लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टला अमेरिकन यादवी युद्धातला एक अधिकारी हवा होता. तिनं जोशुआ चेंबरलेन निवडला, उत्तरेच्या बाजूनं लढलेल्या मेन राज्याच्या 20व्या पायदळ रेजिमेंटचा. मी स्वतः कॉलेजात शिकवतो, त्यामुळे मला कौतुक त्याच्या रजेचंच. हा बोडन कॉलेजातला प्राध्यापक. 1862 मध्ये कॉलेजनं युरोपात भाषा शिकायला दोन वर्षांची रजा देऊ केली, आणि हा पठ्ठ्या गेला लढाईवर! गव्हर्नर थेट कर्नल करायला निघाले होते. आधी काम शिकतो म्हणत यानं लेफ्टनंट कर्नलपद घेतलं.

"बाबा, खरे कागद बघूया ना," म्हणून वॉशिंग्टनचं राष्ट्रीय अभिलेखागार गाठलं. फोटोचं ओळखपत्र काढा, पिशव्या लॉकरमध्ये ठेवा, आत फक्त पेन्सिल न्या. तेवढं जमलं. पण मी नियमित लष्कराच्या नोंदी धुंडाळत बसलो आणि सकाळ वाया गेली. शेवटी मदतीला बसलेल्या बाईंनी विचारलं, "रेग्युलर की व्हॉलंटिअर?"

घोडं तिथंच पेंड खात होतं. स्वयंसेवकांच्या रेजिमेंट राज्यं उभी करायची. कर्नलपर्यंतची सनद राज्याचा गव्हर्नर द्यायचा. ब्रिगेडिअर जनरलपासून पुढे राष्ट्राध्यक्ष, सेनेटच्या संमतीनं. माणूस एक, नोकरी दोन दप्तरांत. सनदांच्या चौकशीचं पत्र मग मेनची राजधानी ऑगस्टाला धाडलं.

सेवा-नोंद म्हणजे छोट्या कार्डांची चळत. निवृत्तिवेतनाचे दावे तपासायला सोपं जावं म्हणून कारकुनांनी युद्धानंतर अनेक वर्षांनी हजेरीपटांवरून ती उतरवली. मजकूर काय, तर हजर किंवा गैरहजर. डिसेंबर 1862 मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत उतारावर त्यानं मृतदेहांच्या आडोशाला रात्र काढली, तीही हजेरीपटाच्या लेखी 'हजर'च.

कागदाचा घोळ त्यालाही चुकला नव्हता. मे 1863 मध्ये 2ऱ्या मेन रेजिमेंटची मुदत संपून ती घरी गेली. पण सुमारे 120 जणांनी तीन वर्षांच्या करारावर सह्या केल्या होत्या. ते बिथरले, काम करेनात. त्यांना पहाऱ्यात चेंबरलेनच्या हवाली केलं, गरज पडली तर गोळ्या घालायची मुभाही दिली. त्यानं आधी त्यांना जेवू घातलं, गाऱ्हाणं ऐकलं. बहुतेक जण तयार झाले. 2 जुलैला गेटिसबर्गच्या लिटल राउंड टॉपवर काडतुसं संपत आली आणि संगिनी लावून टेकडीवरून खाली शत्रूवर तुटून पडण्याची वेळ आली, तेव्हा ते त्याच रांगेत होते. मला चढाईपेक्षा ते जेवण मोठं वाटतं. लेकीला अर्थातच चढाई!

जून 1864 मध्ये पीटर्सबर्गला गोळी त्याच्या कमरेतून आरपार गेली. हा वाचत नाही असं धरून उत्तरेचा सरसेनापती ग्रँटनं तिथंच ब्रिगेडिअर जनरलपदी बढती जाहीर केली. वर्तमानपत्रांनी मृत्यूची बातमीही छापली. नोव्हेंबरात स्वारी परत रुजू. एप्रिल 1865 मध्ये ॲपोमॅटॉक्सला शरण आलेल्या दक्षिणेच्या पायदळाची शस्त्रं घ्यायला तोच उभा होता. वारला 1914 मध्ये.

लेकीनं पेन्सिलीनं तक्ता पुरा केला आणि विचारलं, "बाबा, कॉलेजच्या हजेरीत यांना काय मांडलं असेल?"