रापणीचा वाटा, ग्रामसभेचा कोरम आणि माझं पीएचडीचं ॲडमिशन

राज्यशास्त्रात एमए, त्यातही पॉलिटिकल फिलॉसॉफीची आवड, मग दोन वर्षं ग्रामपंचायतींच्या आराखड्यांचं काम आणि आता पीएचडी, हे एकातून दुसरं कसं जमवलंस असं ओळखीतल्या तीन-चार मुलींनी विचारलं, प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितेय. मी मालवण तालुक्यातली, घर अगदी किनाऱ्याला, घरची पिढीजात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून दोरीने ओढायचं मोठं जाळं.

एमएला असताना बाबांनी जाळं दुरुस्त करता करता विचारलेलं, "तू शिकतंस तरी काय गो?" मी म्हटलं, न्याय. म्हणजे कोर्टातला नाही, कुणाला किती मिळावं आणि का मिळावं ते. बाबा म्हणाले, "तां तर रापणीत ठरलेलाच आसा. रशीक हात लावल्यान, तेका वाटो." तेव्हा मी ते ऐकलं आणि विसरले. आमच्याकडे रापण ओढताना हे लहानपणापासून बघितलंय, जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा आणि ओढणाऱ्यांचे वेगळे, म्हातारा माणूस दोरीला नुसता उभा राहिला तरी त्याच्या पिशवीत चार बांगडे पडतातच. पण ते अभ्यासाचं काही आहे असं डोक्यातच नव्हतं. अभ्यास म्हणजे रॉल्स, लॉक, हाबरमास असे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ, आणि ते सगळं लायब्ररीत.

एमएचा प्रबंध मी खोतीवर, म्हणजे कोकणातल्या जुन्या जमीनदारी पद्धतीवर केला. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, ते पास झालं नाही, कायदा आला तो १९४९ मध्ये. जमीन कसणारा एक आणि तिच्यावर हक्क सांगणारा दुसरा, हा प्रश्न पुस्तकातल्या मालमत्तेच्या सिद्धांतांना लावून बघायचा असा तो प्रयत्न होता. प्रबंध चांगला झाला असं मला आजही वाटतं.

मग नोकरी. एका छोट्या संस्थेत, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यांचं, 'आमचं गाव आमचा विकास'. आधी महिला सभा, मग ग्रामसभा, शिवारफेरी, मागण्यांची यादी, मग पैशाचा हिशोब. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, आणि ४० टक्के अबंधित, त्यात बाकीचं गाव बसवायचं. या दोन वर्षांत मी जे शिकले ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबते.

ग्रामसभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. कोरम भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी चाळीस माणसं आली तर निर्णय होऊ शकत नाही आणि नंतरच्या सभेला पंचवीस आली तरी होतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा रात्री झोप लागली नाही, कारण एमएला आम्ही विचारविनिमयाच्या लोकशाहीवर एक अख्खं सेमिस्टर घालवलेलं आणि त्यात हा प्रसंग कुठेच नव्हता.

त्यातही कोरम भरायचा कुणी? मतदार यादीतली निम्मी नावं मुंबईत, नालासोपाऱ्यात, दिव्याला. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, गावच्या देवळाला पैसे देतात, घर त्यांच्या पैशावर उभं असतं, त्यांना गाव आपलं वाटतं आणि ते खरंच त्यांचं आहे. पण १ मेच्या सभेत नळाला पाणी का नाही हे बोलायला जी बाई बसलेली असते तिचा प्रश्न रोजचा असतो. आणि तिसरी माणसं त्याहून वेगळी. रत्नागिरीकडच्या एका बंदराच्या गावात मी काम करत होते, तिथे बोटींवरचे खलाशी नेपाळचे, उत्तर प्रदेशचे. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ते दोन महिने सोडले तर वर्षाचे दहा महिने ते तिथेच राहतात, तिथलंच पाणी पितात, आणि संडास नाहीत म्हणून सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच, पण यादीत नाव नाही. संविधानाच्या कलम २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्याच गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या व्यक्तींची सभा अशी आहे, त्यामुळे ते ग्रामसभेत नाहीत. स्वच्छतेचे बंधित पैसे कुठे खर्चायचे हे ठरताना त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही, त्यांचं नावच निघालं नाही. मी पण नाही काढलं. ते मला अजून लागतं.

त्या दिवशी बाबांचं रशीचं वाक्य परत आठवलं. रापणीत यादी नाही, हात आहे. इथे हात आहे पण यादीत नाव नाही.

पीएचडी करायचं इथून सुरू झालं. त्यासाठी नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दिली १८ जून २०२४ ला, भर पावसात फोंडाघाट चढून कोल्हापूरला जाऊन, आणि दुसऱ्या दिवशी घरी पोचतेय तोवर परीक्षा रद्द झाल्याची बातमी. नऊ लाखांवर मुलं बसली होती. खूप रडले, मग परत अभ्यास, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा परीक्षा झाली ती दिली. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, नाही मिळाली, पीएचडीसाठी पात्र ठरले. आता नियम असा की जेआरएफ नसेल तर नेटच्या मार्कांना ७० टक्के वजन आणि इंटरव्ह्यूला ३०, आणि तो स्कोअर एकच वर्ष चालतो. त्यामुळे घाई होती.

अर्जासोबत शैक्षणिक आणि धोरणविषयक पार्श्वभूमी लिहायची होती, तिथे मी अडकले. पहिला मसुदा म्हणजे बायोडाटाच, एमए अमुक साली, प्रबंध तमुक विषयावर, त्यानंतर नोकरी, इतक्या ग्रामपंचायती. एका विद्यापीठात तोच घेऊन गेले. पॅनेलमधल्या एका मॅडमनी विचारलं, तुमचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे की सर्व्हेचा? मी म्हटलं, दोन्ही. कसा ते सांगा म्हणाल्या, आणि मला नीट सांगता आलं नाही. तिथे झालं नाही, आणि मला वाटतं तो निर्णय बरोबर होता.

एमएच्या सरांना मसुदा वाचायला दिला. सर म्हणाले, तू दोन आयुष्यं एकाखाली एक लिहिली आहेस, तुला प्रश्न कुठे पडला ते लिही आणि बाकी सगळं त्याच्या मागून येऊ दे. मग मी खलाशांच्या त्या सभेपासून सुरुवात केली. पुढे रॉल्स आणला. रॉल्स न्यायाचा विचार करताना समाज बंद धरतो, माणूस जन्माने आत येतो आणि मरणाने बाहेर जातो असं. हे त्याने मुद्दाम सोपं करून घेतलंय ते मान्य, पण जे गाव शंभर वर्षं मनीऑर्डरीवर जगलं आणि ज्याच्या बोटी बाहेरून आलेल्या माणसांच्या हातावर चालतात तिथे ती सोय वापरली की नेमकी हीच माणसं गळतात. खोतीचा प्रबंध आपोआप जागेवर बसला, कारण तिथेही राबणारा आणि कागदावर नाव असणारा वेगळे होते. नोकरीतल्या फक्त तीन सभा मसुद्यात ठेवल्या, बाकी सगळं काढून टाकलं, अगदी ज्याचं मला कौतुक होतं तेसुद्धा.

दुसऱ्या विद्यापीठात तोच प्रश्न आला, नॉर्मेटिव्ह की एम्पिरिकल, म्हणजे काय असावं याचा की काय आहे याचा? या वेळी मी सांगितलं की गाव म्हणजे कोण, याचं एक उत्तर मतदार यादीने आधीच देऊन टाकलंय, ते उत्तर न्याय्य आहे का हा माझा प्रश्न तत्त्वज्ञानाचा, आणि ते कुठे टोचतं हे मला सभेच्या रजिस्टरात दिसतं. त्यांनी विचारलं, मग पर्यटक पण पाणी पितात, त्यांना पण मत द्यायचं का? याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं, तसंच सांगितलं, आणि ते तपासायला किती काळ राहिलं, काय श्रम घातले आणि निर्णयाचा भार कुणावर पडला हे तीन धागे घेणार असं म्हटलं. पंधरा मिनिटांचा इंटरव्ह्यू चाळीस मिनिटं चालला.

ॲडमिशन झालं. आता कोर्सवर्क चालू आहे, किमान १२ क्रेडिट्स. गाईडनी पहिलं काम दिलंय ते १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचं. १ ऑगस्टला बंदी उठते, म्हणजे तोवर खलाशी परतलेले असतील, तेव्हा सभा चालू असताना बंदरावर किती माणसं आहेत ते मी मोजणार आहे, आणि या वेळी त्यांच्याशी आधी बोलून मग सभेत जाणार आहे. बाबा म्हणाले मी पण येतंय, बोटवाल्यांची ओळख माझी आसा.