पाठीवरचा पासवर्ड

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या आणि चपला काढायच्या आत भाचीने विचारलं, "मामा, वायफायचा पासवर्ड?" आम्ही सगळ्यांनी वर भिंतीकडे बघितलं. सात फुटांवर राउटर टांगलेला. पासवर्ड त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर आणि पाठ भिंतीला. स्टूल आणलं, राउटर हलकेच उचलून स्क्रूंवरून सोडवला, तेवढ्यात फायबरची वायर ताणली गेली आणि लाल दिवा लागला. पासवर्ड मिळाला, नेट गेलं.

अमळनेर तालुक्यातलं आमचं घर मागून धाब्याचं, पुढची खोली विटा-सिमेंटची. या पुढच्या भिंतीवर घड्याळ आहे, तसबिरी आहेत, नानांच्या टोपीची खुंटी आहे आणि अर्थात कालनिर्णय. १९७३ पासून महाराष्ट्रात घरोघर लटकणाऱ्या या कॅलेंडरच्याही पाठीवर मजकूर असतोच की. पण ते एका खिळ्यावर असतं. पान उचला, वाचा, सोडून द्या. राउटर बनवणाऱ्याने कधी कॅलेंडर उलटून पाहिलं नसावं.

हा राउटर टांगताना नाना खुर्चीत बसून बघत होते. "कॅलेंडरले एक खिळा पुरस, मंग याले दोन कसाले?"

प्रश्न रास्त होता. पाठीला दोन भोकं, किल्लीच्या भोकासारखी. गोल भागातून स्क्रूचं डोकं आत घालायचं आणि अरुंद खाचेत सरकवायचं. दोन भोकांमधलं अंतर नऊ सेंटिमीटरला जरासं कमी, नेमकं किती ते कुठेच छापलेलं नाही. खोक्यावर भिंतीवरच्या राउटरचं सुरेख चित्र, आत स्क्रू नाहीत, गिट्ट्या नाहीत, भोकं कुठे पाडायची त्याचा नमुनाही नाही. भिंतीला ड्रिल लावायचं म्हणजे एका मिलिमीटरची चूकही पुट्टी भरल्याशिवाय झाकत नाही. शेवटी माय उठली. रांगोळीच्या ठिपक्यांना कागदाला भोकं पाडतात ना, तसा तिने जुन्या वहीचा कागद राउटरच्या पाठीवर दाबला, सुईने दोन ठिपके टोचले आणि तोच कागद भिंतीला लावून वरून कुंकवाचं बोट फिरवलं. दोन लाल ठिपके उमटले. मग स्क्रूची गोष्ट. डोकं जास्त बाहेर राहिलं तर राउटर डुगडुगतो, कमी राहिलं तर खाचेत शिरतच नाही. स्टूलवरून मी सहा वेळा चढलो-उतरलो असेन.

टांगल्यावर कळलं, की खाचा अशा आहेत की राउटर एकाच बाजूने बसतो, वायरींची तोंडं आभाळाकडे करून. अँटेनाचं मी समजू शकतो. उभा अँटेना लहरी आजूबाजूला चांगल्या पसरवतो, टोकाच्या दिशेने कमी, म्हणून तो उभाच हवा. पण त्याच बाजूला सगळ्या वायरी कशाला? प्रत्येक वायर आधी वर जाते आणि मग नमस्कार केल्यासारखी वाकून खाली येते. तांब्याची वायर हे सोसते. फायबर म्हणजे आत काचेचा केसाएवढा धागा, त्याला घट्ट वळण दिलं की उजेड वळणावरच गळतो. आणि रिकामी राहिलेली तीन भोकं वर आ वासून, चैत्र-वैशाखातली आमच्याकडची धूळ झेलायला तयार.

त्या धुळीवर मायने उपाय केला. एका दुपारी येऊन बघतो तर राउटरवर क्रोशाचा रुमाल! "धूय बसस ना, म्हणीसन झाकं." आता तिला काय सांगू? हवा जायच्या फटी पाठीकडे, त्या आधीच भिंतीने झाकलेल्या, उरलेल्या रुमालाने. सोबतच्या कागदावर लिहिलंय, शून्य ते ४० अंशांत वापरा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, ते त्या कागदाला कुणी सांगायचं? हिवाळ्यात मात्र मागच्या उबेला एक पाल कायमची राहायला होती. तिची काहीच तक्रार नव्हती.

अडॅप्टरबद्दल फार बोलत नाही. तो इतका जाडा आहे, की शेजारच्या सॉकेटमध्ये नानांचा चार्जर बसत नाही, एवढंच.

तर त्या आखाजीला फायबर पुन्हा नीट बसवून, लाल दिवा विझल्यावर, भाचीने शहाणपण केलं. पासवर्ड कॅलेंडरच्या मेच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, बॉलपेनने ठळक लिहून ठेवला. डिसेंबरपर्यंत कुणालाही स्टूल लागलं नाही.

जानेवारीत नवं कॅलेंडर आलं, जुनं रद्दीत गेलं. परवा पुन्हा आखाजी. स्टूल मी ओट्यावरून आत आणून ठेवलंय.