फेस्ताला पायी जाताना संपलेली सागोती

नोव्हेंबर संपत आला की सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ला, कुडाळ या पट्ट्यातली बरीच ख्रिस्ती माणसं पायी ओल्ड गोव्याला निघतात, सेंट फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातल्या मिशनरी संताच्या फेस्ताला, म्हणजे सणाला. फेस्त ३ डिसेंबरला, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. अंतर म्हटलं तर साठ-सत्तर किलोमीटर, पंढरपूरच्या मानाने काहीच नाही, पण हायवेवरून चालायचं म्हणजे ट्रक, धूळ आणि ऊन, कारण चौपदरीकरणात जुनी झाडं गेली आणि सावली आता फक्त पुलाखाली मिळते. आमचे हिंदू शेजारी 'वारीक चल्लास काय?' असंच विचारतात आणि आम्ही हो म्हणतो.

यंदा सोबत वेंगुर्ल्याचा एक मित्र होता, मिशनवाल्या घरातला, म्हणजे प्रॉटेस्टंट. नवस-बिवस काही नाही, नुसता बघायला आलेला. पहाटे सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चमधनं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून निघालो, धुकं होतं, मोती तलाव दिसतच नव्हता, आणि बांदा यायच्या आत याने विचारलंन, "एवढं चालून देव खूश होतो हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

हा प्रश्न कॅथलिक माणसाला पहाटे उपाशीपोटी विचारू नये. पण प्रश्न खरा होता, आणि पुढची सगळी वाट आम्ही तोच चघळत होतो.

त्याचं म्हणणं असं की उपासना कशी करायची हे देवानेच ठरवलेलं आहे, आपण मनाने त्यात भर घालायची नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकातली नादाब आणि अबीहूची गोष्ट त्याने काढली. अहरोनाचे मुलगे, स्वतः याजक, म्हणजे अगदी आतली माणसं, सांगितला नव्हता तसला अग्नी घेऊन परमेश्वरासमोर गेले आणि तिथेच जळून मेले. मग तुमचं हे चालणं, मेणबत्त्या, झेवियरच्या शवपेटीसमोरची लाईन, हे कुठे सांगितलंय?

आमच्यात एक रिटायर्ड सर आहेत, हायस्कूलला इतिहास शिकवायचे, ते चालतात हळू पण बोलतात फास्ट. ते म्हणाले दावीद राजा कराराच्या कोशासमोर, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पवित्र पेटीसमोर, नाचला ते कोणी सांगितलेलं? आणि लगेच स्वतःच म्हणाले की त्याच अध्यायात उज्जा नावाचा माणूस कोश पडू नये म्हणून हात लावतो आणि मरतो. हेतू चांगला, तरी मेला, आणि राजा अर्ध्या कपड्यात नाचला तरी चाललं, बायकोला नाही चाललं ती गोष्ट वेगळी. सर म्हणाले एकच नियम घेऊन बसलास तर हा एक अध्यायसुद्धा धड वाचून होणार नाही.

मित्र काही गप्प बसणारा नव्हता. त्याने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाई काढली. ती येशूला विचारते की आमच्या डोंगरावर भक्ती करायची की यरुशलेमात, आणि येशू म्हणतो याही डोंगरावर नाही आणि यरुशलेमातही नाही, खरे भक्त पित्याची उपासना आत्म्याने आणि खरेपणाने करतील. एका ठराविक जागेकडे पाय ओढत चाललेल्या माणसाला हे ऐकवणं जरा दुष्टपणाच, पण त्याचं चुकत नव्हतं. पोचल्यावर देव जास्त ऐकतो असं समजून कोण चालत असेल तर त्याने बांद्यातनंच एसटी पकडून परत जावं, हे मलाही पटतं.

मग राहतं काय? आमच्यातली पोरं ब्लूटूथ स्पीकर घेऊन पुढे असतात, त्यांचं उत्तर सोपं आहे, गाणं चालू असताना अंगावर काटा आला की समजायचं. मला हे कधीच पटलेलं नाही. काटा मला दशावतारात संकासुर येतो तेव्हाही येतो. चांगला कीबोर्डवाला कुणालाही रडवेल. रडण्यात वाईट काही नाही, पण ते माझ्या आतलं झालं, देवाला काय वाटलं ते त्यातनं कसं कळणार? आमोस संदेष्ट्याचं पुस्तक वाचा ना, तिथे गाणी होती, वाद्यं होती, सण दणक्यात चालले होते, लोकांना नक्कीच भरून येत असणार, आणि देव म्हणतो मला तुमच्या सणांचा तिटकारा आलाय, तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा. कारण काय, तर गाणी बेसूर होती म्हणून नाही. हीच माणसं सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो म्हणून बसलेली असतात, माप लहान, तराजू खोटा, धान्यात भुसा. यशया पहिल्याच अध्यायात तेच म्हणतो, तुम्ही कितीही प्रार्थना करा मी ऐकणार नाही, तुमचे हात रक्ताने भरलेत. आणि याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानापर्यंत जातं. हे मी मोठ्याने बोललो तेव्हा आमच्यातले एक आंबा बागायतदार, बागेत नेपाळी गडी ठेवणारे, जरा भराभर चालायला लागले. कदाचित ऊन वाढलं म्हणून असेल.

पत्रादेवीला थांबलो. १५ ऑगस्ट १९५५ ला इथे सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, त्यांचं स्मारक आहे. सर तिथे दरवेळी टोपी काढून उभे राहतात, आम्हीपण राहतो. मग गोव्यात शिरलो, डोक्यावरून मोप्याच्या विमानतळाची विमानं, आणि धारगळच्या अलीकडे जेवणाचा टेम्पो लावलेला.

इथे जे झालं त्यावर मला लिहायचंच होतं. पुढची पोरं आणि आम्ही मधले आधी पोचलो, भूक सणकून लागलेली, टोप उघडले. उकडा भात, डाळ, कोंबडीची सागोती, वर सोलकढी. मागे बायका होत्या, तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हणत म्हणत येणाऱ्या, त्यातल्या दोघींचे गुडघे गेलेले, आणि सर. ते पोचले तेव्हा टोपात सागोतीचा रस्सासुद्धा नव्हता. भात होता आणि डाळ तळाला. कोणी मुद्दाम केलं नाही, पोरांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं एवढंच. कोण काही बोललं नाही. त्या बसल्या आणि भात-डाळ जेवल्या.

जेवण झाल्यावर सरांनी हात धुतले आणि प्रेषित पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अकरावा अध्याय, तोंडपाठ सांगायला लागले, वर्गात सांगायचे तसे. करिंथची मंडळी प्रभुभोजनाला एकत्र यायची, पण ज्यांच्याकडे होतं ते आधी बसून खायचे आणि मागनं येणारे, बहुतेक कामकरी आणि गुलाम, उपाशी राहायचे, एक भुकेला आणि दुसरा प्यालेला. पौल त्यांना सरळ लिहितो की तुमच्या एकत्र येण्याने भलं होत नाही, नुकसान होतं, हे तुम्ही जेवता ते प्रभूचं भोजन नव्हेच. विचार करा, शब्द बरोबर म्हणत असतील, भाकर मोडत असतील, तरी नव्हेच. आणि उपाय काय सांगतो, उपास करा, आणखी प्रार्थना करा? नाही. जेवायला एकत्र येता तेव्हा एकमेकांची वाट बघा. बस.

वेंगुर्ल्याचा मित्र इथे पहिल्यांदा काही बोलला नाही. त्यानेही दुसऱ्यांदा सागोती घेतली होती.

मी त्यातल्या एका मावशीला विचारलं, तुम्हाला काय वाटतं, आपलं हे चालणं देवाला आवडतं का? त्या तळपायाला तेल चोळत बसलेल्या. "देवाक आवडला काय नाय तां देव बघून घेतलो, तू आधी माका पाणी दी."

भातावरनं आठवलं, आणि हे थोडं विषयाबाहेरचं वाटेल पण नाहीये. आमच्याकडची बरीच घरं मूळची गोव्याची, जुनी माणसं सांगतात की कोणी कराला कंटाळून आले, कोणी दुष्काळात, कोणी इन्क्विझिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, भीतीने. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं आणि शेवटचं बंद झालं १८१२ ला. झेवियरने १५४६ सालीच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ते मागितलं होतं, ही गोष्ट फेस्ताच्या प्रवचनात सहसा येत नाही पण ती आहे, आणि मी त्याच्याच फेस्ताला चालत जातो हेही आहे. १७३६ साली त्या इन्क्विझिशनने एक हुकूम काढला, ख्रिस्ती माणसांनी काय करायचं नाही याचा. तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, आणि हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवायचा नाही. म्हणजे तुझी भक्ती खरी की खोटी हे कोणीतरी तुझ्या चुलीवरच्या भातात मीठ आहे का ते बघून ठरवणार. नादाब-अबीहूची गोष्ट दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात घुसायला वापरली की हे असं होतं. मला वाटतं बायबलमध्ये उपासना तपासायची जी जी परीक्षा आहे ती बहुतेक सगळी जो उपासना करतोय त्याला, किंवा त्याच्या मंडळीला, तोंडावर सांगितलेली आहे. आमोस, यशया, पौल, सगळे 'तुम्ही' म्हणून बोलतात. पलीकडच्या घरातल्यांचं काय चाललंय ते बघून या असं यातलं कोणी सांगत नाही.

मित्राला हे मी कोलवाळच्या पुलावर सांगितलं तर तो म्हणाला, मग मी तुमच्या मेणबत्त्यांबद्दल बोलू नको काय? बोल की. पण आधी तू सागोती खाल्लीस त्याबद्दल बोल. हसला.

म्हापशाला रात्र काढली. झोप कोणाला येतेय, अर्धे घोरतायत आणि अर्धे पाय शेकतायत. तिथे सरांनी परुशी आणि जकातदाराची गोष्ट काढली, लूकच्या शुभवर्तमानातली. परुशी म्हणजे धर्म काटेकोर पाळणारा, जकातदार म्हणजे लोक पापी समजायचे तो करवसुलीवाला. मला त्यात आजवर लक्षात न आलेलं एक त्यांनी दाखवलं. दोघं मंदिरात जातात, परुशी आपले उपास आणि दशमांश मोजून दाखवतो, जकातदार लांब उभा राहून छाती पिटतो, आणि येशू म्हणतो नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा. पण हे येशू ऐकणाऱ्यांना सांगतोय. त्या जकातदाराला कोणी सांगितलं? कोणीच नाही. तो बिचारा तसाच खाली मान घालून घरी गेला असणार. खात्री होती ती परुशाला. म्हणजे बीपी मोजतात तसं पट्टा बांधून आपली भक्ती किती पावली ते बघता येत नाही, आणि ज्याला आकडा दिसतो त्यानेच घाबरावं.

आमच्यात दोन चुलतभाऊ आहेत. सामायिक सातबारा, वडिलोपार्जित घर आणि काजूचं भरड, वाटणी होत नाही, बोलणं बंद. दोघंही चालतात, एक पुढे एक मागे, मध्ये आम्ही. मत्तयमध्ये येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. तुझ्या मनात नाही, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. धाकट्याला हे कोणीतरी ऐकवलं तर तो म्हणाला, "असां धरलां तर अख्ख्या शिंदुर्गातलो एक माणूस वेदीपर्यंत पोचूचो नाय." खरं आहे. कोकणात सातबारा हा मोठा अडथळा आहे. सर म्हणाले पूर्वेकडच्या मंडळ्यांत, केरळच्या सिरो-मलबारांकडे वगैरे, शांतिदान, म्हणजे मिस्सेत एकमेकांना शांती देणं, अर्पणाच्या मुख्य प्रार्थनेच्या आधीच होतं, आपल्याकडे ते ख्रिस्तप्रसादाच्या जरा आधी येतं, तोपर्यंत अर्पण होऊन गेलेलं असतं. त्यामुळे आपलं फावतं, असं त्यांचं म्हणणं.

पणजीपासनं पुढे रायबंदरचा जुना बांध, १६३० च्या दशकातला, एका बाजूला मांडवी. तिथून ओल्ड गोवा म्हणजे आलंच. गर्दी, चण्याची दुकानं, खाजं, मेणबत्त्या विकणाऱ्या बायका, पोलिसांच्या शिट्ट्या, झेवियरची पेटी असलेल्या बॉम जेझू चर्चची प्लास्टर नसलेली तांबडी भिंत. ही सगळ्यांनी बघितलेली जागा आहे, जास्त लिहीत नाही. मित्र लाईनीत आला नाही, बाहेर हिरवळीवर बसला, आणि मी त्याला ये म्हटलं नाही. मला झेवियरमधलं जे आवडतं ते तिथे पेटीत नाहीये तसंही. तो १५४२ ला इथे उतरला तो हॉस्पिटलात राहिला, आजाऱ्यांच्या उशाशी झोपायचा, रविवारी गावाबाहेर कुष्ठरोग्यांकडे जाऊन मिस्सा करायचा, रस्त्यात घंटी वाजवत पोरं गोळा करायचा. आणि त्यानेच ते पत्रही लिहिलं. दोन्ही एकाच माणसाचं.

फेस्ताच्या मिस्सेत शांतिदानाच्या वेळी मी मुद्दाम बघितलं. दोघे चुलतभाऊ मांडवात एकाच ओळीत होते, मध्ये चारपाच माणसं. थोरल्याने डावीकडे हात जोडले, उजवीकडे जोडले, आणि मग जरा पुढे वाकून त्या चारपाचांच्या पलीकडे बघितलं. धाकटा तेव्हा पाठीमागच्या बाईंना हात जोडत होता. त्याला दिसलं की नाही माहीत नाही.

परतीच्या टेम्पोत पुढच्या वर्षीचं जेवण निघालं. मागचा माणूस पोचेपर्यंत टोप उघडायचे नाहीत असं मी म्हटलं तर स्पीकरवाली पोरं ओरडली की मग आम्ही दोन तास उपाशी बसायचं काय. वेंगुर्ल्याच्या मित्राने सुचवलं की पोरांनीच मागे चालावं, स्पीकर घेऊन. यावर मावशी पटकन म्हणाल्या, तो स्पीकर मागे नको, त्यापेक्षा आम्ही नुसता भात खाऊ. त्यावर बांदा येईपर्यंत भांडण चाललं आणि ठरलं काहीच नाही, फक्त बागायतदार म्हणाले की पुढच्या वर्षीची कोंबडी माझ्याकडनं. सरांनी त्यांना विचारलं, आणि गड्यांचं?

"देतंय हो," ते म्हणाले, "सोमवारी देतंय."