इटलीतली अंजिरं ओळखताना: कार्मिन्यानो ते चिस्तेर्निनो

इटलीत अंजिराची झाडं बघत फिरायचं असेल तर एक गोष्ट निघण्याआधीच ध्यानात ठेवा. झाडाचं नाव विचारलं की उत्तर लगेच मिळतं, पण ते त्या गावापुरतं खरं असतं. दोत्तातो हीच जात घ्या. कॅलाब्रियात तिला ओत्तातो म्हणतात, दक्षिणेकडच्या चिलेन्तो भागात तिचाच स्थानिक प्रकार ‘बियांको देल चिलेन्तो’ म्हणून विकतात आणि कॅलिफोर्नियात गेल्यावर तिची कादोता झाली. उलट ‘फिको बियांको’, म्हणजे पांढरं अंजीर, हे नाव हिरवट-पिवळ्या सालीच्या कुठल्याही झाडाला लागतं. त्यामुळे आम्ही दोघी बहिणींनी नावांची यादी हाती न घेता एकट्या दोत्तातोचा माग काढायचा ठरवलं: टस्कनीपासून सुरुवात, मग चिलेन्तो, आणि शेवट पुलियात.

आधी हंगामाचं सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. गेल्या वर्षीच्या फांदीवर धरलेली फळं साधारण जून-जुलैत पिकतात, त्यांना फियोरोनी (एकच असेल तर फियोरोने) म्हणतात. नव्या फांदीवरची फळं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, ती फोर्नीती (एक असेल तर फोर्नीतो). आपल्याकडे पुरंदरला खट्टा आणि मीठा बहार असतो, त्याच्याशी याची सांगड घालू नका. ते बहार पाणी तोडून, छाटणी करून धरलेले असतात. फियोरोने सहसा मोठं आणि लांबट असतं, त्याच झाडाचं फोर्नीतो लहान आणि गोलसर. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर कुणीही दोन जाती म्हणेल. बाजारात तर ‘फियोरोनी’ एवढीच पाटी असते, जात कुठली ते विचारल्याशिवाय कळत नाही. जाती ओळखणं हाच हेतू असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जा. तेव्हा झाडावर पान आणि पिकलं फळ दोन्ही एकदम मिळतात, शिवाय वाळवणंही चालू असतात.

पहिला मुक्काम फ्लॉरेन्सजवळचं पोज्जो आ कायानो. तिथल्या मेदिची वाड्यात स्थिरचित्रांचं संग्रहालय आहे. टस्कनीचा मेदिची घराण्यातला ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याच्यासाठी बार्तोलोमेओ बिंबी या चित्रकाराने फळांची चित्रं काढली, त्यात 1696 सालचं एक फक्त अंजिरांचं आहे. फळांना आकडे घातलेत आणि खाली रंगवलेल्या पाटीवर त्या आकड्यांपुढे नावं. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी होते. तीनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की नाव आणि फळ एकत्र बांधून ठेवलं पाहिजे, नाहीतर दोन्ही सुटतील. माझ्या लेखी हे चित्र सगळ्या प्रवासाइतकं मोलाचं आहे. संग्रहालयात ठरलेल्या वेळांनाच गटाने सोडतात, म्हणून आधी चौकशी करूनच जा. आणि निघण्याआधी घरी गाल्लेझिओ या फळांच्या अभ्यासकाचा ‘पोमोना इतालियाना’ चाळा. 1817 ते 1839 या काळात भागाभागाने निघालेल्या या ग्रंथात दोत्तातो, ब्रोजोत्तो, वेर्दिनो यांची रंगीत चित्रं आहेत. जुनं नाव आणि आजचं झाड ताडून बघायला याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

कार्मिन्यानो तिथून अगदी जवळ. इथे दोत्तातो उन्हात वाळवतात, मग दोन-दोन अंजिरं उघडून मधे बडीशेपेसारखे आनीसचे दाणे घालून जोडतात. त्याला ‘पिच्चा’ म्हणतात. ताजं दोत्तातो बघायचं तर इथेच नीट बघून घ्या: साल पिवळट हिरवी, मान आखूड, गर मधाच्या रंगाचा, आणि पूर्ण पिकलं की डोळ्यातून, म्हणजे फळाच्या तळाच्या बारीक भोकातून, रसाचा थेंब डोकावतो. हा थेंब मात्र एकट्या दोत्तातोची खूण नाही, पुष्कळ जातींना येतो. थेंबावरून जात ठरवणारे भेटतील, त्यांचं ऐकून घ्या आणि गर कापून बघा.

चिलेन्तोसाठी सालेर्नोच्या पुढे आग्रोपोली-कास्तेल्लाबाते स्टेशनवर उतरायचं. पुढे गाडी लागतेच, बसच्या भरवशावर शेतं बघून होत नाहीत. गाडी चालवायची असेल तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. इथलं अंजीर 2006 पासून डीओपी आहे, म्हणजे त्याच्या मूळ प्रदेशाशी बांधलेलं नाव कायद्याने राखलेलं आहे. त्याच्या वर्णनातच म्हटलंय की गर पिवळसर हवा आणि आतल्या बिया बहुतेक पोकळ हव्यात.

या पोकळ बियांपाशी जरा थांबते. दोत्तातोला फळ धरायला परागण लागत नाही. पण जवळपास रानटी नर अंजीर, म्हणजे काप्रिफीको, असलं तर त्यातून ब्लास्टोफागा नावाची इवलीशी माशी येते, परागण होतं, बिया भरतात आणि गर लालसर होतो. एका शेतकरी काकांनी आम्हाला त्यांच्या दोन बांधांवरची फळं कापून दाखवली. घराजवळच्या झाडाचं फळ आतून मधासारखं, दातांखाली जवळजवळ काहीच न लागणारं. ओढ्याकाठच्या झाडाचं गुलाबी, बिया कुरकुर वाजणाऱ्या. दोन्ही झाडं त्यांच्या वडिलांनी एकाच झाडाच्या काड्यांपासून लावलेली. ओढ्यात खडकाला काप्रिफीको उगवलं होतं, एवढाच फरक. तेव्हा ‘गर लाल आहे, म्हणजे हे दोत्तातो नव्हे’ असं म्हणण्याआधी आजूबाजूला रानटी झाड आहे का ते बघा, आणि बी दातांखाली फोडून बघा. पोकळ बी चिरडते, भरलेलं कडक लागतं.

वाटेत कॅलाब्रियातल्या कोसेन्झात आम्ही जेमतेम रेंगाळलो. तिथल्या वाळवलेल्या दोत्तातोला 2011 मध्ये डीओपी मिळालं. चार अंजिरं फुलीसारखी जुळवून आत अक्रोड-बदाम भरलेल्या ‘क्रोचेत्ते’ घ्या. ताज्या फळाच्या ओळखीसाठी मुद्दाम वाट वाकडी करायची गरज नाही.

पुलियात मात्र वेळ राखून ठेवा. चिस्तेर्निनोजवळ ‘इ जार्दिनी दि पोमोना’ नावाची बाग आहे, तिथे अंजिराच्या सहाशेहून जास्त जाती एकत्र लावल्यात. गावागावांत ज्या नावांनी डोकं भंडावलं ती सगळी एका मातीत, एका पाण्यावर वाढलेली शेजारी-शेजारी बघायला मिळतात. माती-पाणी सारखं असताना जो फरक दिसतो तो बहुधा जातीचाच. आधी कळवून, सकाळी लवकर जा, दुपारी उन्हात पानं मलूल होतात. चिस्तेर्निनोला दोन स्टेशनं आहेत: किनाऱ्याच्या बारी-ब्रिंदिसी मार्गावरचं गावापासून बरंच लांब पडतं, सूद एस्त रेल्वेचं ‘चिस्तेर्निनो चित्ता’ गावाजवळ. तिकीट काढताना हे तपासाच, आणि रविवारी सूद एस्तची गाडी मिळेल असं धरून चालू नका. तिथून जमलं तर सान मिकेले सालेंतिनोला जाऊन बदाम भरून भट्टीत भाजलेली अंजिरं खा.

काळ्या-जांभळ्या अंजिरांत ‘सान’ नावांचा गुंता सगळ्यात वाईट. टस्कनीतलं सान पिएरो हे नेहमीचं, परागणाशिवाय फळ देणारं अंजीर आहे. ‘सान पेद्रो’ हा मात्र अंजिरांचा एक वेगळा गट: फियोरोनी आपोआप धरतात, पण दुसऱ्या हंगामाची फळं परागण नसेल तर गळून पडतात. नाव सारखं वाटतं म्हणून सान पेद्रो गटाची काडी लावली आणि जवळ माशी नसली तर मुख्य हंगाम कोरडा जातो. त्यात अमेरिकी संशोधक आयरा कॉन्डिट यांनी 1955 मध्ये कॅलिफोर्नियातलं ‘ब्राउन टर्की’ हे सान पिएरोच असल्याचं मांडलं. इंग्लंडचं ब्राउन टर्की आणखी वेगळं. हिरव्यांत वेर्दिनो आणि वेर्दोने यांचीही अशीच सरमिसळ होते.

नोंद करायची माझी पद्धत सांगते. प्रत्येक झाडाचे चार फोटो: अख्खं फळ देठासकट, खालून डोळा, उभं कापलेलं फळ, आणि पान दोन्ही बाजूंनी. शेजारी नाणं ठेवा. नावापुढे गाव, तारीख, फियोरोने की फोर्नीतो, आणि रानटी झाड जवळ आहे का, हे लिहा. पान निरोगी निवडा. मोझॅक रोग झालेल्या झाडाची पानं चट्टेरी आणि वाकडी होतात, त्यांचे कंगोरे मोजून काही उपयोग नाही. शिवाय एकाच फांदीवर तीन आणि पाच कंगोऱ्यांची पानं असतात, म्हणून फांदीच्या मधलं पान घ्या. एवढ्यानेही दोन जवळच्या जाती सुटल्या नाहीत तर डीएनए चाचणीवाचून इलाज नाही.

बाह्या लांब ठेवा. अंजिराचा चीक त्वचेवर राहिला आणि वर ऊन लागलं की फोड येतात, पाण्याची बाटली आणि साबण जवळ असू द्या. शेतात शिरण्याआधी विचारा, आणि दुपारी एक ते चार कुणाच्या दाराशी जाऊ नका.

काड्या आणायचा मोह प्रत्येकाला होतो, बागवाले प्रेमाने देऊही करतात. घेऊ नका. भारतात आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय रोपं-काड्या आणता येत नाहीत, आणि पुलियात 2013 पासून झायलेला जिवाणूने ऑलिव्हच्या बागा उद्ध्वस्त केल्यामुळे तिथेही रोपं हलवण्यावर कडक निर्बंध आहेत. ज्याला खरंच झाड हवंय त्याने बागेतल्या पाटीवरचं पूर्ण नाव आणि मूळ गाव लिहून आणावं आणि परवानाधारक रोपवाटिकेकडून रीतसर मागवावं. मागवताना नुसतं ‘पांढरं इटालियन अंजीर’ लिहू नका, सोबत ते चारही फोटो पाठवा.