मागे जागाच नाही

गेमिंगसाठी सराउंड स्पीकर घ्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं अडचण पैशांची येईल, आली पलंगाची.

म्हणजे बघा, आमची खोली दहा बाय अकरा. एका भिंतीला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, पुढ्यात खुर्ची, आणि खुर्ची जरा मागे सरकवली की पलंगाच्या कडेला ठक्कन आपटते. पलंगाच्या पलीकडे लगेच भिंत. आता सराउंडचं सगळं कौतुक कशाचं, तर मागून येणाऱ्या आवाजाचं, कोणीतरी दबक्या पावलांनी पाठीमागे येतंय, मागच्या खोलीत काच फुटली, असलं सगळं. आणि आमच्याकडे मागे दुपारी आजी झोपलेली असते.

तरी घ्यायचेच होते. लहानपणी आमच्याकडे दोन पिवळट पांढरे डबडे स्पीकर होते, खोक्यावर छातीठोकपणे लिहिलेलं, १००० वॅट पीएमपीओ. मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचो, आमच्याकडे हजार वॅटचे आहेत म्हणून. मग फिजिक्स शिकल्यावर एकदा त्याचा अ‍ॅडाप्टर हातात घेऊन वाचला, ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर. गुणाकार केला तर साडेचार वॅट! भिंतीतून साडेचार आत जातायत आणि बाहेर हजार पडतायत, असला चमत्कार आमच्या टेबलावर इतकी वर्षं चालू होता. पीएमपीओ म्हणजे म्हणे क्षणभर निघू शकणारी कमाल ताकद, पण ती मोजायची काही ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे वाटेल तो आकडा छापता येतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, तेवढी बघायची, बाकी खोक्यावरचं सगळं साहित्य.

तर पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. एक भारी सेट आवडला, पाच छोटे स्पीकर, खालच्या घुमणाऱ्या आवाजाचा एक ढब्बू सबवूफर, म्हणजेच पाच पॉइंट एक, निळे लाइट, रिमोट, ब्लूटूथ, किंमतही बऱ्यापैकी कमी. मी पाकीट काढणार एवढ्यात दुकानदार म्हणाला, "दादा, गेमला पायजे का? मग थांबा जरा." आणि त्याने सबवूफर उलटा करून पाठ दाखवली. कॉम्प्युटरमधून आत जायला फक्त लाल आणि पांढरी अशी एकच जोडी. म्हणजे आवाज येणार दोनच, डावा आणि उजवा, आणि तेच दोन मागच्या स्पीकरांना वाटून देणार. "लग्नाची सीडी लावायला मस्त आहे, पण गोळी मागून मारली तरी पुढूनच येणार," असं म्हणाला तो. स्वतःचं गिऱ्हाईक असं हातचं घालवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, म्हणून मग त्याच्याकडूनच घेतला, जास्त पैसे देऊन, तीन वायरींचा. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, केशरी मधल्याची आणि सबवूफरची.

ऑप्टिकल वायरचाही मोह झाला होता, दिसायला फार स्टायलिश, टोकाला लाल उजेड वगैरे. पण तिच्यातून साधे दोनच चॅनेल, म्हणजे दोनच वेगळे आवाज जातात, पाच पॉइंट एक पाठवायचं तर ते डॉल्बी किंवा डीटीएस फॉरमॅटमध्ये दाबून पाठवावं लागतं, आणि गेम चालू असताना ते जागच्या जागी दाबून देणारं साउंड कार्ड माझ्याकडे नाही. त्यापेक्षा तीन वायरी बऱ्या.

घरी आलो आणि माझ्या मदरबोर्डला मागे तीनच भोकं. त्यातलं एक माइकचं. ड्रायव्हरमध्ये सेटिंग बदललं की निळं भोक मागच्या स्पीकरांचं होतं आणि गुलाबी मधल्याचं, सगळं छान, फक्त रात्री मित्र मेसेजवर मेसेज टाकतायत, अरे तू बोलत का नाहीयेस, आणि मी इकडे घसा फोडून ओरडतोय. माइक कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावायचा असतो हे कळेपर्यंत दोन मॅच हरलो.

आता जागेचं. वाचून वाचून एक सुखद गोष्ट कळली की पाच पॉइंट एकमधले मागचे स्पीकर खरंतर मागे नसतातच. नाक समोर धरून पुढचे दोन ३० अंशांवर, आणि "मागचे" ११० च्या आसपास, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरासे मागे. खरोखर पाठीमागे लागतात ते सात पॉइंट एकवाल्यांना, त्यांच्या खोल्या असतील मोठ्या. मग मी शाळेतला कोनमापक काढला, खुर्चीवर ठेवला आणि आजीला दोऱ्याचं टोक धरायला सांगितलं. डावे ११० अंश बरोब्बर कपाटाच्या डोक्यावर गेले. उजवे ११० गेले कॅलेंडरवर.

कॅलेंडर हलवायचं नाही, आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं. त्यावर दूध, गॅस, पेपर, मोलकरणीच्या सुट्ट्या असा सगळा संसार लिहिलेला असतो.

सबवूफरला मात्र दिशा नसते, अगदी खालचा आवाज कुठून येतो ते कानाला नीटसं कळत नाही, तेव्हा टेबलाखाली कुठेही ठेवला तरी चालतो असं मी घरात ऐटीत सांगितलं. ते मला चालत होतं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, गिरण घातलीय का हो?" हा आवाज हवेपेक्षा स्लॅबमधून जास्त जातो. आता तो घडी घातलेल्या जुन्या सतरंजीवर बसतो, आणि रात्री दहानंतर बंद.

दहानंतर हेडफोन. आणि खरं सांगायचं तर नुसती पावलंच ऐकायची असतील तर हेडफोनच बरा. आपले दोन कान तरी काय करतात, एका कानाला आवाज किंचित आधी पोचतो, मिलिसेकंदाचाही काही भाग, शिवाय कानाच्या पाळीवरून येताना तो जरा बदलतो, तेवढ्यावर मेंदू डावंउजवं, पुढचंमागचं ठरवतो. तेच गणित गेममध्ये घालतात, काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१६ मध्येच आलं होतं. दोन हजारांच्या हेडफोनमध्ये काम होतं. मग स्पीकर कशाला, असं बाबा विचारतात. पण गाडीच्या गेममध्ये पाऊस सुरू झाला की तो खोलीत पडतो हो, पलंगावर, आजीच्या अंगावर. हेडफोनमधला पाऊस फक्त माझ्या डोक्यात पडतो.

उजव्या स्पीकरचा तोडगा आजीनेच काढला. एकाच खिळ्यावर दोघं, वर स्पीकर आणि त्याच्याखाली कॅलेंडर. त्यामुळे उजवीकडे कोणी बॉम्ब टाकला की अख्खा महिना थरथरतो, आणि आई आतून ओरडते, "अरे हळू, गॅसवाल्याची तारीख पुसेल!"