‘पाणी छातीला’ : पावसाळ्याआधीची नोंद

कॅलेंडर एकदाचं बसलं. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: ‘पाणी छातीला’ ही माझी चालू असलेली कादंबरी, अर्धी विज्ञानकथा, अर्धी अद्भुतकथा. नऊघाट नावाचं नदीकाठचं शहर. आभाळात दोन सूर्य, एक रोजचा आणि दुसरा लांबचा फेरा मारून येणारा. या दुसऱ्याला गावात ‘पाहुणा’ म्हणतात. पाहुणा जवळ आला की डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि नदी चढते. नायिका सावळी, धंद्याने मापारी. पाहुणा किती वर्षांनी येतो हेच ठरत नव्हतं, त्यामुळे सगळं अडून बसलं होतं. बारा म्हटलं की फारच सोयीचं वाटायचं, आणि दुसरा कुठलाही आकडा ओढूनताणून आणल्यासारखा.

उत्तर इथेच, गोदाकाठी पडलेलं होतं. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या नाशिकमध्ये कुठेही वेळेवर पोचणं मुश्कील झालंय, त्यामुळे विषय डोक्यातून जात नाही. आपण सरसकट बारा वर्षं म्हणतो: 2003, 2015, आता 2027. पण सिंहस्थ ठरतो गुरू सिंह राशीत येण्यावर, आणि गुरूची सूर्याभोवतीची फेरी 11.86 वर्षांची. म्हणजे दर फेरीला सुमारे 50 दिवसांची तूट. सात फेऱ्यांत ती जवळजवळ वर्षाची होते. हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर 2021 मध्ये, म्हणजे अकराव्या वर्षीच आला, तो याच हिशेबाने.

हे लक्षात आलं आणि कथानकाला कणा मिळाला. नऊघाटच्या देवस्थानाने पोथीत ‘बारा’ लिहून ठेवलंय. पूर मात्र दर फेऱ्याला 50 दिवस आधी येतोय. आपल्याकडे पंचांगकर्ते गुरू कुठे आहे ते बघून तारीख काढतात, म्हणून भागतं. नऊघाटात आभाळाकडे बघायची परवानगी फक्त एका घराण्याला आहे, आणि त्या घराण्याला पोथी मोडायची नाही.

हे आमच्या लिहिणाऱ्यांच्या कट्ट्यावर मांडलं तेव्हा भौतिकशास्त्राच्या निवृत्त सरांनी विचारलंच, “पाहुणा आल्याने पूर का येतो ते आधी सांग. देवाची करणी असेल तर मी गप्प बसतो.” मग हिशेबही त्यांनीच मांडला. आपल्या सूर्याएवढाच दुसरा तारा पृथ्वी-सूर्य अंतराच्या चौपट अंतरावर आला, तर त्याची उष्णता चाराचा वर्ग, म्हणजे सोळाव्या हिश्शाने मिळेल. ऐकायला किरकोळ वाटतं; पण बर्फावर सहा टक्के जादा ऊन पडणं ही चेष्टा नाही. दोन सूर्यांची जोडीही हवेतली नाही. अल्फा सेंटॉरीचे दोन मुख्य तारे साधारण 80 वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात, आणि त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या 11 पटींपासून 36 पटींपर्यंत बदलत राहतं. माझी जोडी त्याहून बरीच जवळची. सरांचं समाधान झालं. कट्ट्यावरच्या अद्भुतवाल्यांचं म्हणणं, एवढं कशाला, पाहुणा रागावला म्हणून पूर आला असं लिही की. लिहिता येईल. पण जयंत नारळीकरांच्या चांगल्या कथेतलं विज्ञान काढून घेतलं तर कथाच कोसळते, आणि मला तसलं घर बांधायचंय.

आता मुख्य गोष्ट. मूर्ती.

नाशिककराला पूर क्युसेकमध्ये कळत नाही. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं ते बातमीत येतं, पण विचारायचं असतं ते एवढंच, “मारुतीच्या कुठवर आलं?” रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, डोक्यावरून. 2008 चा पूर, 2019 चा पूर, सगळे लोकांच्या आठवणीत मारुतीच्या अंगावरच नोंदलेले आहेत. पलीकडे नारोशंकराची घंटा आहे, वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणतात ती. तिथवर पाणी पोचणं म्हणजे पुराची वरची खूण.

मी अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर, नाहीतर भोकाचं माप तपासायचं प्लग गेज. प्लग गेजला दोन टोकं असतात, एक ‘गो’ आणि एक ‘नो गो’. गो बाजू भोकात गेली पाहिजे, नो गो जाता कामा नये. रोज शेकडो भोकांत घालून काढून गो बाजू झिजते, केसाहून कमी, डोळ्याला दिसतही नाही. मग बारीक भोकंही पास व्हायला लागतात. रजिस्टरमध्ये सगळं हिरवं, आणि तिकडे असेंब्लीला शाफ्ट बसत नाही. म्हणून गेजवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे गेजच तपासून घेतल्याचं, स्टिकर असतं, त्यावर ड्यू डेट असते, आणि एक मास्टर, म्हणजे ताडून बघायचं मूळ माप, एसीत पेटीत ठेवलेला असतो, ज्याला कामाला हात लावायचा नाही.

मारुतीकडे बघताना मला हेच सुचत राहिलं. या गेजला स्टिकर कुठाय? मूर्तीच वर सरकली तर? कादंबरीत ती सरकते. दर पुरानंतर देवस्थान चौथऱ्याचा जीर्णोद्धार करतं आणि दगडाचा एक थर वाढवतं. पूर दर फेऱ्याला मोठा होतोय, पण पाणी कायम छातीलाच. लोक निर्धास्त. शिवाय शेंदूर. वणीला सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जाड कवच 2022 मध्ये काढलं आणि आतलं मूळ रूप दिसलं, ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं असेल. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढला की कंबर कुठे संपते आणि छाती कुठे सुरू होते हेही बदलतं. सावळीच्या आजीकडे मात्र जुनी गाठींची दोरी आहे. तोच मास्टर.

नवीन लिहिलेल्या प्रकरणातला हा तुकडा, दोनदा खरवडून उरलेला:

‘सावळीने पाण्यात हात घालून पायरी चाचपली. पाचवी. आजीच्या दोरीत पाचव्या पायरीला देवाच्या गुडघ्याची गाठ होती. तिने मान वर केली. गुडघा तिच्या खांद्याच्याही वर होता.
“देव वाढलाय,” ती म्हणाली.
पुजाऱ्याने ओलं धोतर पिळलं. “वाढतातच. तुझं माप घे आणि निघ.”’

आधी इथे पुजाऱ्याचं चांगलं अर्ध्या पानाचं भाषण होतं, श्रद्धा आणि सत्य वगैरे. ते गेलं ते बरं झालं. धोतर पिळणारा माणूस जास्त खरा वाटतो, आणि त्याला सगळं ठाऊक आहे हेही त्यातच कळतं.

नकाशाचं काम निम्म्यावर आहे. इथे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनचा सल्ला पाळतोय: त्याने आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली, अंतरांसकट. चंद्राच्या बाबतीत तर तो भलताच काटेकोर. 1944 मधल्या एका पत्रात तो लिहितो की त्याच्या हस्तलिखितातला चंद्र भलतेच उद्योग करत होता, एका भागात उगवतोय आणि त्याच वेळी दुसऱ्या भागात मावळतोय. मग मागची प्रकरणं पुन्हा लिहावी लागली. मला दोन सूर्य सांभाळायचेत, तेव्हा ही गोष्ट वाचून धीरही आला आणि धडकीही भरली. अर्सुला ले ग्विननेही तिच्या ‘अर्थसी’ या बेटांच्या जगाची सुरुवात बेटं कागदावर काढूनच केली. माझ्या नऊघाटाची गल्लीबोळं मी जुन्या नाशकातून उचलतोय. सराफ बाजारातून नदीकडे उतरणारे रस्ते, कुठल्या दुकानाचा ओटा किती उंच, पाणी आधी कुठे शिरतं. दुकानदार आपणहून सांगतात. पुराचा विषय काढला की नाशकात कुणालाही बोलतं करता येतं.

फ्रँक हर्बर्टची गोष्ट यासाठी मला फार जवळची. 1957 मध्ये तो ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर गेला होता तो लेखासाठी: सरकते वाळूचे डोंगर गवत लावून थोपवायचा सरकारी प्रयोग चालला होता, त्यावर. तो लेख छापून आलाच नाही. वाळू मात्र त्याच्या डोक्यात घर करून राहिली आणि 1965 मध्ये ‘ड्यून’ कादंबरीत तिचा अख्खा ग्रह झाला. प्रेरणा म्हटलं की आपण स्वप्न आणि साक्षात्कार शोधत बसतो. इथे होतं काय, तर कृषी खात्याचं गवत. आमच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था), दिंडोरी रोडला, धरणांच्या आणि नद्यांच्या प्रतिकृतींवर पाणी सोडून अभ्यास होतो. अशा जागेवर एखादी कादंबरी कुणी लिहीत असेल तर मला कळवा, मी पहिला वाचक.

सवयींवरून कट्ट्यावर मोठा वाद झाला. आमच्यातली एक जण ले ग्विनचं वेळापत्रक फ्रिजवर लावून बसलीय. साडेपाचला उठून पडल्या पडल्या विचार, सव्वासहाला भरपूर नाश्ता, सव्वासातपासून दुपारपर्यंत लेखन. रात्री आठनंतर आपण ठार मठ्ठ असतो, असं ले ग्विननेच त्यात म्हटलंय. वाचायला झकास. पण ज्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते, त्याने काय करायचं? फर्स्टला मी तीनला सुटतो, सेकंडला रात्री अकराला, नाईटला सकाळी सातला. साडेपाच ही माझ्यासाठी कधी उठायची वेळ, कधी ऐन झोपेची, आणि कधी मशीनपाशी उभं राहून लॉट तपासायची.

आठवड्याची डायरी चाळली तर घड्याळ धरून चालणारे लेखक माझ्या कामाचे नाहीत, आकडा धरून चालणारे आहेत. विनोदी अद्भुतकथा लिहिणारा टेरी प्रॅचेट इंग्लंडच्या वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी होता, अणुवीज केंद्रांची बाजू पत्रकारांना सांगायची नोकरी. नोकरी सांभाळून रोज रात्री 400 शब्द. त्याचा लेखकमित्र नील गेमन सांगतो, एका रात्री 300 शब्दांतच कादंबरी संपली, तेव्हा गड्याने टाइपरायटरला नवा कागद लावला आणि उरलेले 100 शब्द पुढच्या कादंबरीचे लिहिले. हे मला जमण्यासारखं आहे, कारण 400 शब्दांना वाजले किती याच्याशी देणंघेणं नाही. माझा आकडा त्याहून लहान ठेवलाय, नाईटचा आठवडाही त्यात बसला पाहिजे म्हणून.

अमेरिकन विज्ञानकथाकार ऑक्टाव्हिया बटलरवर आमचं एकमत आहे, निदान कौतुकापुरतं. लहानपणी मंगळावरून आलेल्या बाईचा एक भिकार चित्रपट टीव्हीवर पाहिला आणि यापेक्षा बरं आपण लिहू, असं वाटलं, तिथून तिची सुरुवात. पुढे भांडी घासली, फोनवरून वस्तू विकल्या, बटाट्याचे वेफर तपासायचं काम केलं, आणि पहाटे दोनला उठून लिहिलं. वेफर तपासणारी! इन्स्पेक्शनची माणसं साहित्यात आहेत, मंडळी. प्रेरणेची वाट बघू नका, सवय जास्त भरवशाची, असं ती नवोदितांना सांगायची. त्याच पंक्तीत चिनी विज्ञानकथाकार लिऊ त्सिशिन. वीज केंद्रात संगणक अभियंता, लिहिणं नोकरीच्या वेळेतच चालायचं असं तोच सांगतो. आमच्या सुपरवायझरला ही माहिती देऊ नये.

आणि वेळेचा चोरटा उपयोग म्हटला तर नारळीकरांना मानलं पाहिजे. अहमदाबादच्या एका परिसंवादात भाषण कंटाळवाणं होतं, तिथेच त्यांनी पहिली विज्ञानकथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेला ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने गेली, आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिली आली. त्यांचं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, हा त्यामागचा हेतू. 2021 मध्ये नाशिकला साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते; प्रकृतीमुळे येता आलं नाही त्यांना. पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस अध्यक्ष, आणि तोही आपल्या गावातल्या संमेलनाचा, याचा आमच्या कट्ट्याला अजून कैफ आहे.

सवयींबद्दल माझं सध्याचं मत एवढंच: दुसऱ्याची वेळ उसनी घेता येत नाही, माप घेता येतं. फ्रिजवालीला हे पटलेलं नाही. तिचं लिखाण माझ्याहून वेगाने चाललंय, त्यामुळे जास्त ताणलं नाही.

अडलंय कुठे, तर दोरीवर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी शांतपणे सांगितलं की तागाची किंवा अंबाडीची दोरी भिजली की धागे फुगतात आणि दोरी आखडते. म्हणजे सावळीचा मास्टर पाण्यात घातला की खोटा. ऐन पुरात तर हमखास. पर्याय तीन दिसतात. सागाची काठी, पण ती लपवायची कुठे, आजी ती दोरी कमरेला गुंडाळून फिरते असं पहिल्या प्रकरणात आहे. पितळी साखळी, पण तिच्या कड्या ओढाताणीत लांबतात आणि पुजारी ती वितळवून टाकू शकतात. नाहीतर दोरीच ठेवायची आणि दर गाठीला किती सूट धरायची ते फक्त आजीला पाठ. तिसरा पर्याय मला खुणावतोय, पण मग आजीला चौथ्या प्रकरणात मारता येणार नाही, आणि पुढचा सगळा आराखडा तिच्या मरणावर उभा आहे. विणकाम, दोरकाम किंवा जहाजाच्या दोरखंडांची माहिती असलेल्या कुणी सांगा: ओल्या दोरीचं आखडणं दर वेळी सारखंच असतं, की दोरी जुनी होईल तसं बदलत जातं? बदलत असेल तर साखळी घेतो आणि आजीला ठरल्या जागी जाऊ देतो.